दारच्या राखणदाराचे औषधपाणी

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि मोल न विचारताच हौस घरी घेऊन येतो. मुख्याध्यापकाच्या खोलीत पालक ज्या नाना तक्रारी घेऊन येतात, त्यांत अलीकडे एका तक्रारीची भर पडली आहे. मुलगा कुत्र्याचे पिल्लू हवे म्हणून हट्ट धरून बसला आहे, अभ्यासात लक्ष नाही, जेवणावर राग काढतो. सर, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा. मी दोन शब्द सांगतो, परंतु निघता निघता पालकच दबक्या आवाजात विचारतात, "तुमच्या घरी कुत्री आहे म्हणे. खर्च किती येतो हो?" या प्रश्नात पिल्लाची किंमत असते, दुधाचा रतीब असतो, गळपट्टा आणि साखळी असते. औषधपाण्याचा उल्लेख मात्र आजवर एकाही पालकाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. आणि खरा खर्च तर तोच. पोळी आपल्या पोळीतून निघते, ताकभात आपल्या ताकभातातून निघतो. डॉक्टरांची फी कोणाच्या वाटणीतून काढणार?

आमच्या इंदूरच्या घरी ठकी नावाची गावठी कुत्री आहे. २०२० च्या डिसेंबरात, शाळा महामारीमुळे ओस पडलेली असताना, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जन्मलेल्या पाच पिल्लांतली ती एक. वजन अठरा किलो, रंग गव्हाळ, स्वभाव संशयी. आमच्या घरी दूध, किराणा, धुणेवाली यांचा जमाखर्च जिच्यात लिहिला जातो त्या वहीत सौभाग्यवतींनी पहिल्या दिवसापासून ठकीचेही एक पान राखले आहे. त्या पानावरून २०२४-२५ या वर्षाचा हिशेब येथे उतरवून देतो. खाण्याचा खर्च यात धरलेला नाही, केवळ औषधपाणी.

पाच-सहा रोगांवरील एकत्रित लस ७५० रुपये आणि पिसाळण्यावरील लस ३०० रुपये, मिळून १,०५०. वर्षातून दोनदा नुसते तपासून घेण्याची फी, प्रत्येक वेळी ३०० प्रमाणे ६००. जंताच्या गोळ्या, दर दहा किलो वजनास एक या मापाने एका वेळी दोन, किंमत १२० रुपये. दर तीन महिन्यांनी एकदा, म्हणजे वर्षाचे ४८०. गोचिडांवर मानेच्या मागे कातडीवर सोडण्याचे थेंब, दरमहा ३५० प्रमाणे ४,२००. येथवर झाले ६,३३० रुपये. हा झाला निरोगी कुत्र्याचा खर्च. तो ठरलेला आहे, चुकत नाही. यावर त्या वर्षी आषाढात एक मोठे आजारपण झाले त्याचे ४,५५०, आणि दिवाळीनंतर कान ठणकला त्याचे ५८०. एकूण बेरीज ११,४६०. महिन्याला सरासरी ९५५ रुपये. मोठ्या शहरांत, पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात, हाच आकडा याच्या दीडपट-दुप्पट सहज होतो असे तेथील आप्तांकडून कळते; लहान गावी तो याहून कमी पडेल. परंतु निरोगी वर्षासाठी महिन्याला पाचशे आणि आजारी वर्षासाठी हजार, एवढे मनाशी धरल्याखेरीज कोणी मुलाच्या हट्टाला होकार देऊ नये, असे माझे मत झाले आहे.

आता या आकड्यांच्या पोटात काय आहे ते पाहू. एकत्रित लस जिच्याविरुद्ध टोचली जाते त्या रोगांत 'डिस्टेंपर' आणि 'पार्व्हो' ही दोन नावे प्रत्येक पाळणाऱ्याने पाठ करावीत. पहिला रोग जुना. दुसरा मात्र आपल्या पिढीत जन्मला. १९७८ पूर्वी तो कोणास ठाऊक नव्हता. मांजरांतील एका विषाणूपासून उपजलेला हा विषाणू त्या सुमारास एकाएकी प्रकट झाला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि वांत्या सुरू होतात, आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही. म्हणूनच एक पिल्लू गेले त्या अंगणात लागलीच दुसरे आणू नये असे डॉक्टर सांगतात. उपचाराला पाच-सहा दिवस सलाइन लागते आणि खर्च हजारांत जातो. लसीला काही शेकडे लागतात. यापेक्षा सोपे व्यवहारी गणित मी आठवीच्या मुलांनाही घातलेले नाही.

लसीच्या वेळापत्रकाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. "पिल्लाला एक सुई टोचली, झाले," असे लोक समजतात. वस्तुतः पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि तेथून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत द्यावी लागते. कारण असे की, आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जे संरक्षण मिळालेले असते, तेच बाहेरून दिलेल्या लसीला निष्प्रभ करते. हे आईकडचे कवच कोणत्या पिल्लाचे कधी ओसरेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आडाख्याने तीन वेळा टोचावे लागते. आईची माया आड येते, दुसरे काय! पिसाळण्यावरील लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, आणि पुढे आपल्याकडे दरवर्षी.

जंतांचे म्हणाल तर पिल्लू बहुधा पोटातच जंत घेऊन जन्मते. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि मग तीन महिन्यांनी एकदा गोळी. यात कंजूषपणा करू नये, कारण कुत्र्याचे काही जंत लहान मुलांच्या अंगातही जाऊ शकतात. अंगणात मातीत खेळणारे नातवंड ज्या घरी आहे, त्या घरी ही गोळी नातवंडाचेच औषध समजावी.

गोचिडांचे प्रकरण मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या वहीतली सर्वांत मोठी ठरीव रक्कम तीच आहे. पहिली अडचण भाषेची. आपण 'गोचीड' म्हणतो ते इंदूर-ग्वाल्हेरच्या औषधांच्या दुकानात समजत नाही. तेथे 'किलनी' म्हणावे लागते. वडोदऱ्याला माझी बहीण 'इतरडी' म्हणून औषध मागते, आणि बेळगावच्या मेहुण्यांच्या घरी कानडी गडी 'उण्णी' म्हणतो. चार प्रांतांत चार नावे, किडा एकच, आणि चारही ठिकाणी तो घरात शिरण्याची वाट तीच. कुत्र्याच्या अंगावर जेवढे गोचीड दिसतात त्यांच्या कितीतरी पट भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, कुत्रे झोपते त्या गोणपाटाखाली असतात. मादी पोट भरले की उतरते आणि भेगेत जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही. आमच्या जुन्या पद्धतीच्या घराच्या ओसरीवरील भेगा मी सिमेंटने बुजविल्या. तो खर्च या पानात नाही, घरदुरुस्तीच्या पानात आहे.

आणि तरीही आषाढात ठकी आजारी पडली. औषध महिन्याच्या महिन्याला पडत होते. परंतु कोणतेही औषध शंभर टक्के राखण करीत नाही, आणि पावसाळ्यात गल्लीतील मोकाट कुत्र्यांच्या अंगावरून गोचीड आपल्या फाटकापाशी येऊन पोहोचतात. सकाळी तिने पोळीकडे पाहिले नाही. संध्याकाळी दूध ठेवले तेही तसेच. दोन वेळा अन्न नाकारले की दवाखाना, असा आमच्या घरचा नियम आहे. तरी बाहेर मुसळधार पाऊस होता आणि मी "उद्या सकाळी पाहू" असे म्हणून वर्तमानपत्र उघडले. सौभाग्यवती तिच्या पोटावरून हात फिरवीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हिच्या पोटावर लाल ठिपके दिसताहेत. आजच दाखवायला हवे." रिक्षावाला कुत्री पाहून नाही म्हणाला, दुसरा पन्नास रुपये अधिक घेऊन हो म्हणाला.

दवाखान्यातील डॉक्टर तरुण मुलगी आहे, महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेली. तिने हिरड्या उचलून पाहिल्या. त्या पांढुरक्या पडलेल्या होत्या. रक्त तपासले. रक्त गोठविणाऱ्या ज्या बारीक कणिका कुत्र्याच्या रक्तात दोन लाखांच्या खाली असू नयेत, त्या चाळीस हजारांवर आलेल्या होत्या. गोचिडाच्या चाव्यातून शिरणारा 'एर्लिकिया' नावाचा जंतू या कणिका खाली आणतो; मग नाकातून रक्त येते, कातडीखाली रक्त साकळते, आणि रोग जुना झाला तर हाडांतील मगज निकामी होऊन पुढे उपायच राहत नाही. लवकर सापडला तर मात्र एक साधे, जुने आणि स्वस्त प्रतिजैविक अठ्ठावीस दिवस दिले की बहुतेक कुत्री बरी होतात. ठकी बरी झाली. चौथ्या आठवड्यात कणिका दोन लाख दहा हजारांवर आल्या.

त्या ४,५५० रुपयांची फोड पाहण्यासारखी आहे. तीन वेळच्या फीचे ९००, दोनदा रक्त तपासल्याचे ८००, नेमका जंतू ओळखण्याच्या चाचणीचे १,२००, दोन दिवस सलाइन लावल्याचे १,०००, आणि ज्याने ती वाचली त्या औषधासकट सगळ्या गोळ्यांचे अवघे ६५०. रोग ओळखायला पैसे लागतात, रोग घालवायला तितके लागत नाहीत. कुत्रे बोलत नाही. त्याची जीभ आपल्याला प्रयोगशाळेकडून विकत घ्यावी लागते. यातील पुष्कळशी औषधे माणसांचीच असतात, आणि डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहून दिले तर ती जनऔषधी केंद्रातही बरीच स्वस्त मिळतात. तसे लिहून द्या म्हणून विनंती करण्यात संकोच वाटून घेऊ नये.

परंतु औषध माणसांचे आहे म्हणून आपल्याच डब्यातील गोळी काढून कुत्र्याला घालण्याचा उद्योग कधीही करू नये. आपण अंगदुखीवर घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. पॅरासिटामॉलही निर्धोक नाही. तीच गोष्ट खाण्याची. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका या वस्तू कुत्र्याला विषासमान आहेत. नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणे "प्रसाद आहे, त्याचाही वाटा" म्हणून घालणारी माणसे मी पाहिली आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते, आणि सांगितली जावी. परंतु ती ऐकून रोज वाटीभर तूप घातले तर स्वादुपिंडाला सूज येऊन आठ दिवस दवाखाना धरावा लागतो.

पहिल्या वर्षाचा खर्च नेहमीच अधिक असतो, कारण लसी तिप्पट आणि जंताच्या गोळ्या पंधरवड्याच्या. त्यात मादी असेल तर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. ठकीची २०२१ साली झाली. ६,५०० रुपये लागले. पुष्कळांना हा खर्च अनाठायी वाटतो, काहींना तो निसर्गाविरुद्ध वाटतो. मला वाटत नाही. कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले देते, आणि त्या पिल्लांना घरे मिळवून देता देता आपली ओळखदेख संपते. शिवाय शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जो रोग जडतो, त्यात मध्यरात्री तातडीने पोट उघडावे लागते, तेव्हा याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मोजूनही कुत्री हाती लागेलच असे नाही. कमी वयात शस्त्रक्रिया झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही पुष्कळ घटतो.

येथे कोणी विचारील, सरकारी दवाखाना कशासाठी आहे? आहे, आणि जेथे जवळ असेल तेथे अवश्य जावे. नाममात्र फी लागते. पण तो मुळात गाईगुरांसाठी उभा राहिला आहे हे लक्षात ठेवावे. आपल्या देशातील पशुवैद्यकाचा सारा इतिहासच गुरांचा आणि घोड्यांचा आहे. 'शालिहोत्र' हे घोड्यांच्या वैद्यकाचे आपले जुने नाव. इंग्रजी अमदानीत १८८६ साली मुंबईस परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि १८८९ साली पुण्यात जी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली ती गुरांच्या साथींसाठी. हीच प्रयोगशाळा १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, आणि आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे तिचे मूळ तेच. पुण्यात पेरलेले रोप उत्तरेत वाढले. आपल्यासारख्या बाहेर स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ही गोष्ट जवळची वाटावी. असो. सांगावयाचे ते इतकेच की, सरकारी दवाखान्यात कुत्र्याची एकत्रित लस नेहमी मिळेलच असे नाही. पिसाळण्यावरील लस बहुधा मिळते. जेथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे तेथील नागरिक भाग्यवान. आमच्याजवळ महूला १९५५ सालापासून ते आहे, वडोदऱ्याच्या मंडळींना आणंद जवळ पडते, हैदराबादेत राजेंद्रनगर आहे. शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ लागतो, परंतु तपासणी कसून होते. घरी डॉक्टर बोलवावयाचा झाल्यास फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. खेडेगावच्या वाचकांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा.

जातीविषयी बोललो नाही तर हा लेख अपुरा राहील, कारण औषधपाण्याचा खर्च निम्मा तेथेच ठरतो. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात माळव्यात सायबेरियाची हस्की पाळणाऱ्या घरात वातानुकूलन यंत्र कुत्र्यासाठी चालते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चपट्या नाकाच्या पगला धड श्वास घेता येत नाही, जर्मन शेफर्डचे आणि लॅब्राडॉरचे खुबे उतारवयात दगा देतात, लांब केसांच्या जातींना पावसाळाभर खरूज आणि बुरशी. आपल्याकडील जाती या हवेला सरावलेल्या आहेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड आपल्या बेळगावकर वाचकांना परिचित असेलच. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली त्यांत तो होता. पण त्या जातीला मैदान लागते, तीन खोल्यांच्या सदनिकेत तो कोंडू नये. साध्या गृहस्थाने गावठी पिल्लू घ्यावे. ते फुकट मिळते एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. शतकानुशतके उकिरड्यावर निवड होऊन जे टिकले ते चिवट आहे, एवढ्यासाठी म्हणतो. लस मात्र त्यालाही तीच आणि तेवढीच लागते. "गावठीला काही होत नाही" हे वाक्य ज्यांनी उच्चारले त्यांची पिल्ले पार्व्होने गेलेली मी आमच्याच गल्लीत पाहिली.

आता वार्धक्याविषयी. ग्वाल्हेरला माझे एक वडीलधारे स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. मुलाने महाविद्यालयात असताना हौसेने लॅब्राडॉर आणला, २०१३ साली. मुलगा नोकरीसाठी बंगळुराला गेला, तेथे भाड्याच्या घरात कुत्र्याला मज्जाव. कुत्रे आईवडिलांकडे राहिले. आपल्या समाजात हे आता घरोघरी घडते आहे. मुले पुण्याला, बंगळुराला, अमेरिकेला. आणि जुन्या वाड्यात दोन म्हातारी माणसे व एक म्हातारे कुत्रे. २०२३ च्या सुमारास त्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. दरमहा रक्ताची तपासणी, एक दिवसाआड कातडीखाली सलाइन, वेगळे खाणे, खुब्यांच्या दुखण्याच्या गोळ्या. त्या एका वर्षात या गृहस्थांचे चौऱ्याहत्तर हजार रुपये गेले. मुलगा म्हणत होता, "बाबा, पैसे मी पाठवतो." यांनी घेतले नाहीत. पैशाचे त्यांनी मला एकदाच सांगितले. पुन्हा पुन्हा सांगत ते जिन्याचे. बत्तीस किलोचे कुत्रे दिवसातून चार वेळा उचलून अठरा पायऱ्या उतरवावयाचे आणि पुन्हा चढवावयाचे, आणि वर स्वतःच्या हृदयात दोन वेळा स्टेंट बसलेला.

डॉक्टरांनी सुचविले की, आता याला शांतपणे जाऊ द्यावे. काकूंना ते ऐकवेना. "घरच्या माणसाला आपण असे सुई देतो का?" असे त्या मला म्हणाल्या. मी त्या वेळी लग्नाच्या निमित्ताने ग्वाल्हेरला होतो. दोघांनीही माझे मत विचारले. मास्तर म्हटला की त्याला मत असतेच असा लोकांचा समज आहे. मी म्हणालो, "काकू, दिनदर्शिकेवर खूण करीत जा. ज्या दिवशी तो आपण होऊन जेवला, आपण होऊन उठला आणि काका आल्यावर त्याने शेपूट हलविले, त्या दिवशी फुली. नाही, त्या दिवशी कोरे ठेवा." पुढे अकरा दिवस एकही फुली पडली नाही. बाराव्या दिवशी काकूंनीच डॉक्टरांना घरी बोलावले. आधी गुंगीचे औषध, मग दुसरे. कुत्र्याचे डोके त्यांच्या मांडीवर होते. औषधाचे पंधराशे रुपये झाले. डॉक्टरांनी घरी येण्याची फी घेतली नाही. काकांनी मला हे पत्राने कळविले, आणि खाली लिहिले की जिना आता फार लहान वाटतो.

अशा प्रसंगाची आर्थिक तरतूद आधी करता येते. काही सर्वसाधारण विमा कंपन्या आता कुत्र्यांचाही विमा उतरवतात. मी दोन कंपन्यांची माहितीपत्रके वाचली. वयाची मर्यादा असते, आधीपासूनचा रोग चालत नाही, आणि लस व जंत यांसारखा नेहमीचा खर्च बहुधा धरला जात नाही. महाग जातीच्या कुत्र्याला तो उपयोगी पडत असेल. ज्याने घ्यावा त्याने बारीक अक्षरे वाचून घ्यावा. आम्ही ठकीच्या नावे, म्हणजे अर्थात माझ्याच नावे, टपाल कचेरीत दरमहा पाचशे रुपयांची आवर्ती ठेव पाच वर्षांसाठी उघडली आहे. तिचे म्हातारपण सुरू होईल तेव्हा ती हाताशी येईल. आणि ज्यांना यातले काहीच परवडणारे नाही त्यांनी कुत्रे न पाळणे यात कमीपणा मानू नये. खर्च झेपेना म्हणून आजारी कुत्रे मोटारीतून दूर नेऊन सोडून येणारी शिकली-सवरलेली माणसे आहेत. पशुक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे, आणि जनावर उपाशी-तापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे.

राहता राहिली ती ३०० रुपयांची लस. या साऱ्या जमाखर्चातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी बाब. पिसाळण्याचा रोग एकदा लक्षणांनी प्रकट झाला की माणूस काय किंवा कुत्रे काय, जवळजवळ कोणीही वाचत नाही. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, त्याला आता एकशेचाळीस वर्षे झाली. तरी जगात दरवर्षी अदमासे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. आमच्या लहानपणी पोटात टोचावयाच्या चौदा सुयांच्या धाकाने मुले कुत्रे चावल्याचे घरी लपवीत. १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली ती लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीपर्यंत चालली. आता सुया दंडात, चार-पाच, आणि सरकारी रुग्णालयात विनामूल्य. जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद यांपैकी काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चावलेले कुत्रे घरचे आणि लस टोचलेले असले तरीही.

गोव्याच्या वाचकांना यातील बरेचसे ठाऊक असेल. २०१३ नंतर तेथे 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना, गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरून, लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकविले, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. गोव्यात जे झाले ते माळव्यात होऊ नये असे काही नाही. आमच्या शाळेच्या आवारात दोन बेवारस कुत्री असतात, त्यांतली एक ठकीची आई. त्यांच्या लसीचे पैसे आम्ही शिक्षक वर्गणीने भरतो. नऊ शिक्षकांत ६०० रुपये, माणशी सत्तरही पडत नाहीत.

पाश्चर यांच्या पुण्यतिथीस, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळतात, आणि त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी सरकारी पशुचिकित्सालयांत ही लस फुकट टोचतात. जावयाचे झाल्यास सकाळी आठच्या आत जावे, कारण दहानंतर रांग रस्त्यावर येते आणि कुत्री एकमेकांवर धावून जातात. साखळी आखूड असावी. तोंडाला बांधण्यास सुती साडीचा पट्टा पुरतो. जुने लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे, आणि नवी नोंद करताना लसीच्या बाटलीवरील चिठ्ठी कार्डावर चिकटवून घेऊन, खाली तारीख व डॉक्टरांची सही आहे की नाही, हे तेथेच पाहून मग निघावे.